ध्यानाला बसलं की धडधड वाढते, मग मेंदू बदलतो तो कुणाचा?

प्रश्न थोडक्यात परत मांडतो म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही कळेल. परभणी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी पतसंस्थेत कॅशियर असलेले एक भाऊ, वय ३१. डिप्रेशन आजवर दोनदा येऊन गेलंय, दुसऱ्या वेळचं जरा जड होतं, १४ महिने झाले एस्सिटॅलोप्राम ही डिप्रेशनची गोळी चालू आहे आणि सध्या बरं आहे. एक मित्र दहा दिवसांचं विपश्यना शिबिर करून आला आणि म्हणाला, "ध्यानानं मेंदूची रचनाच बदलती, एमआरआयमध्ये दिसतंय, गोळ्या कशाला खायलास." म्हणून यांनी मोबाईलवर अ‍ॅप घेतलं, रोज रात्री १५ मिनिटं डोळे मिटून श्वासावर लक्ष. तीन आठवडे झाले. विचार कमी व्हायच्या ऐवजी वाढलेत, छातीत धडधडतं, दोनदा तर उठून अंगणात येऊन बसावं लागलं. आता विचारतात की माझं चुकतंय कुठं, मेंदू खरंच बदलतो का, आणि गोळ्या बंद करून शिबिराला जाऊ का.

मी लातूरला क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे, १७ वर्षं झाली. माइंडफुलनेसवर आधारलेली थेरपी रोजच्या कामात वापरतो, स्वतःही बसतो (नियमित म्हणाल तर खोटं बोलावं लागेल). तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मेंदूचा विषय तुम्ही वर ठेवलाय पण मला वाटतं खरी बोच गोळीची आहे. बरं तर वाटतंय, पण रोज सकाळी ती गोळी घेताना आपण अजून आजारीच आहोत असं वाटतं, आणि कुणीतरी वैज्ञानिक भाषेत सांगितलं की तुझ्याकडं दुसरा रस्ता आहे तर तो हवाहवासा वाटणारच. यात तुमचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. माझ्याकडं येणारे निम्मे लोक पहिल्या सेशनला हेच विचारतात, फक्त मेंदूचं नाव न घेता.

तर गोळीचं आधी उरकून घेऊ. डोस ठरवणं, कमी करणं हे माझं काम नाही, ते सायकियाट्रिस्टचं, त्यामुळं किती आणि कधी ते मी सांगणार नाही. पण एक गोष्ट सांगतो जी मित्राला माहीत नसणार. ही गोळी एकदम सोडली की काही लोकांना चक्कर, चिडचिड, झोप मोडणं, डोक्यात करंट बसल्यासारखा झटका असं सगळं होतं. मग माणूस म्हणतो बघा आजार परत आला, किंवा घरचे म्हणतात बघा सवय लागली होती. बऱ्याचदा दोन्ही खरं नसतं, शरीर फक्त जुळवून घेत असतं, म्हणून ती हळूहळू उतरवतात. आणि तुम्ही ती अशा वेळी सोडायचं म्हणताय जेव्हा धडधड आधीच सुरू आहे. मग धडधड ध्यानाची का गोळी सोडल्याची का आजाराची, हे तुम्हालाही कळणार नाही आणि मलाही नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा साधा नियम धरा.

आता चुकतंय कुठं. तुमच्या वर्णनात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र झाल्यात, विचार वाढणं आणि धडधड वाढणं. पहिलीची मला अजिबात काळजी नाही, दुसरीची थोडी आहे.

विचार वाढलेत असं वाटतंय कारण आता तुम्ही ते बघायलात. आधीही तेवढेच होते. तुम्ही कॅशियर आहात म्हणून तुमच्याच टेबलावरचं उदाहरण देतो. हातानं नोटा मोजताना मध्येच घरचं काहीतरी डोक्यात आलं, बोटं चालू आहेत, ओठ हलतायत, पण चाळीसनंतर त्रेचाळीस म्हणालात का एक्केचाळीस ते आठवत नाही. त्या क्षणी काय होतं? बोट थांबतं. "अरे, गेलं लक्ष." गड्डी परत सरळ करता आणि पहिल्यापासून मोजता. ते जे "अरे" आहे ना, सगळं त्याच्यात आहे. ध्यानात आपण त्या "अरे"चीच प्रॅक्टिस करतो. तुम्ही मात्र त्याला नापास म्हणून मोजायलात, १५ मिनिटांत वीस वेळा लक्ष गेलं म्हणजे वीस वेळा नापास. माझ्या हिशोबानं वीस वेळा भानावर आलात, आणि जिममध्ये वीस वेळा वजन उचलणाऱ्याला कुणी म्हणत नाही की वीस वेळा खाली का ठेवलंस.

भानावर येणं हा शब्द मी मुद्दाम वापरला. आपल्याकडं 'ध्यान' म्हटलं की लोकांच्या डोळ्यासमोर समाधी येते, तल्लीन होणं, जगाचा विसर पडणं. कीर्तनात भान हरपतं त्याचं आपल्याला केवढं कौतुक, आणि ते असावंच, पंढरीला चालत जाणारी माझी आजी ते औषध आयुष्यभर घेत होती आणि तिला ते लागूही पडत होतं. पण थेरपीत ज्याला माइंडफुलनेस म्हणतात ते त्याच्या जवळजवळ उलट आहे. मूळ पाली शब्द 'सति', म्हणजे आपली स्मृती, आठवण राहणं, की मी आत्ता काय करतोय याची आठवण. मराठीत त्याला 'भान' इतका चपखल शब्द असताना आपण सजगता, सचेतनता असले शब्द कुठून आणतो देव जाणे. तुम्ही ध्यान लावायला बसताय म्हणून लागत नाही याचा त्रास होतोय. भानावर यायला बसा, त्यात न जमण्यासारखं फार काही नाही, कारण भानावर यायला आधी भान सुटावंच लागतं.

आणि इथं मेंदूचं संशोधन खरंच कामाचं आहे, मित्रानं सांगितलं त्या कारणासाठी नाही पण आहे. २०१२ मध्ये अमेरिकेत वेंडी हासेनकॅम्प आणि तिच्या सहकाऱ्यांनी ध्यानाचा सराव असलेल्या १४ लोकांना एमआरआय मशीनमध्ये झोपवून श्वासावर लक्ष ठेवायला सांगितलं, हातात एक बटण दिलं आणि सांगितलं की लक्ष गेलंय हे लक्षात आलं की दाबा. म्हणजे ते "अरे" पकडायची सोय केली. मग दाबायच्या आधीचे आणि नंतरचे सेकंद वेगवेगळे तपासले. मन भटकत होतं तेव्हा मेंदूतल्या भागांचं एक जाळं जागं होतं, 'अरे' झालं तेव्हा दुसरं, ज्यात इन्सुला नावाचा भाग येतो, आणि लक्ष परत श्वासावर आणताना कपाळामागचा बाजूचा भाग, जो आपण ठरवून काही करताना वापरतो. चौदा लोकच आहेत, त्यामुळं फार ताणायचं नाही. पण मला यातली एक गोष्ट आवडते, मन भटकणं हा सुद्धा ध्यानाच्या चक्राचाच एक टप्पा धरलाय, अपयश म्हणून बाजूला टाकलेला नाही.

भटकतानाचं जे जाळं आहे त्याला डिफॉल्ट मोड नेटवर्क म्हणतात. त्यातला 'डिफॉल्ट मोड' हा शब्द २००१ मध्ये अमेरिकेतले मेंदूशास्त्रज्ञ मार्कस रेक्ल यांच्या टीमनं पुढं आणला. माणूस विशेष काही करत नसतो तेव्हा मेंदू बंद पडत नाही, उलट काही भाग जास्त चालतात, आणि तेव्हा आपण बहुतेक स्वतःबद्दलच विचार करत असतो, काल काय झालं, उद्या काय होईल, लोक काय म्हणतील. औशाकडचे एक शेतकरी माझ्याकडं यायचे, त्यांना मी हे कागदावर गोल काढून समजावत होतो, तर ते मध्येच म्हणाले, "सर, म्हंजे मोटारीचं ऑटोच की." मी तेव्हापासून गोल काढणं बंद केलं आणि ऑटोच सांगतो. शेतावर लाईट रात्री दोनला येते, कोण उठणार, म्हणून स्टार्टरला ऑटो बसवतात, लाईट आली की मोटार आपली आपण चालू. सोय आहे. पण विहिरीत पाणी नसलं तरी ती चालूच होते, कोरडी फिरत राहते, आणि जळते, मग भरून आणायचा खर्च वेगळा. डिप्रेशन येऊन गेलेल्या माणसाचं तसंच होतं. जरा मोकळा वेळ मिळाला, जरा उदास वाटलं, की ऑटो पडतो, "परत तेच व्हायलंय, मी असाच आहे, माझ्यानं होणार नाही", आणि त्यातून पाणी येत नाही, कोणताही प्रश्न सुटत नाही, मोटार तेवढी तापते. त्याच काकांनी पुढचंही सांगितलं, जे मला पुस्तकात मिळालं नव्हतं. म्हणाले, मोटार कोरडी पडली की आवाज बदलतो, घरात झोपलेल्या माणसाला सुद्धा कळतं, फक्त तो आवाज कानाला माहीत पाहिजे. माझ्या मते या थेरपीत शिकवायचं ते एवढंच आहे. लाईट तोडायची नाही, ऑटो काढून फेकायचा नाही, आवाज ओळखायला शिकायचं आणि उठून बटण दाबायचं.

आता धडधड. ही मी हसण्यावारी नेणार नाही. सगळ्यात आधी फॅमिली डॉक्टरकडं जाऊन एकदा ईसीजी, थायरॉईड आणि हिमोग्लोबिन करून घ्या. थायरॉईड वाढलेल्या माणसाला मी सहा महिने चिंतेची थेरपी दिली असं व्हायला नको, आणि पतसंस्थेत मार्चअखेरीला दिवसाला आठ-दहा चहा होत असतील तर तेही डॉक्टरांना सांगा. ते सगळं ठीक निघालं असं धरून पुढं बोलतो.

श्वासावर लक्ष द्या म्हटलं की बरेच लोक नकळत श्वास चालवायला लागतात. बघायचं असतं, पण हातात घेतात, मोठा घेतात, जोरात सोडतात. जास्त श्वास घेतला की रक्तातला कार्बन डायऑक्साईड कमी होतो, हातापायाला मुंग्या येतात, डोकं हलकं होतं, छाती भरून येते. मग मन म्हणतं काहीतरी व्हायलंय, आणि मग खरंच धडधडतं. दुसरं म्हणजे काही लोकांचा कान आधीच छातीकडं लागलेला असतो. ज्यांना कधी पॅनिक येऊन गेलंय ते दिवसभर आतला आवाज ऐकत असतात, अशा माणसाला रात्रीच्या शांततेत डोळे मिटून परत छातीकडंच बघ म्हणणं म्हणजे आवाज वाढवून देणं आहे. अ‍ॅपला हे कळत नाही, त्याच्याकडं सगळ्यांसाठी एकच रेकॉर्डिंग आहे.

समोर बसलेल्या माणसालाही कळतंच असं नाही. माझी एक चूक सांगतो. प्रॅक्टिसच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षीची गोष्ट, ओळख कळू नये म्हणून थोडे तपशील बदललेत. किल्लारीच्या बाजूच्या एका गावातल्या ताई होत्या, झोप येत नाही, अंग दुखतं म्हणून आलेल्या. भूकंप झाला तेव्हा, म्हणजे ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे चारच्या आत, त्या लहान होत्या, आदल्या रात्री गणपतीचं विसर्जन करून सगळे झोपलेले, दगडमातीच्या जाड भिंतींची घरं, काय झालं ते आपल्या भागात कुणाला सांगायला नको. मला हे माहीत होतं, फाईलमध्ये लिहिलेलं होतं. तरी मी त्यांना ट्रेनिंगमध्ये शिकवल्याप्रमाणे बॉडी स्कॅन करायला लावलं, सतरंजीवर पाठीवर झोपा, खोली अंधारी, दार लावलेलं, डोळे मिटा, पायाच्या बोटांपासून एकेक भाग जाणवू द्या. तीन मिनिटांत त्या उठून दाराशी. तोंडानं शब्द फुटेना. मी म्हणालो ठीक आहे ताई, खुर्चीवर बसा, पाय जमिनीवर टेकवा, जमीन तुम्हाला आधार देतेय ते जाणवू द्या. हे वाक्य आमच्याकडं घाबरलेल्या माणसासाठी ठरलेलं आहे, जगभर वापरतात. त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि म्हणाल्या, "जमिनीचंच तर भ्या हाय, सर."

त्यानंतर मी कुणालाही ठरलेलं वाक्य सांगताना दोनदा विचार करतो. त्या ताईंना पुढं आम्ही दार उघडं ठेवून, डोळे उघडे ठेवून, कानानं सुरू केलं, बाहेर रस्त्यावर ऑटोरिक्षा, भाजीवाला, शेजारच्या शिलाई मशीनचा आवाज, नुसतं ऐकायचं. आणि घरी भाकरी थापताना. काटवटीतल्या पिठाचा ओलेपणा, हाताला लागणारी धग, थापतानाचा आवाज, मन गेलं की परत हातावर. दिवसाला दहा-बारा भाकरी करणाऱ्या बाईला वेगळा वेळ काढून बस म्हणणारा मी कोण. झोप एकदम नाही, पण दोन-अडीच महिन्यांत सुधारली. त्याचं सगळं श्रेय भाकरीला देत नाही, सोबत बोलणंही चालू होतं, ज्या रात्रीबद्दल त्या कुणाशीच बोलल्या नव्हत्या त्याबद्दल.

तुमच्या आयुष्यात असं काही आहे का मला माहीत नाही, तुम्ही लिहिलं नाहीये आणि इथं लिहायची गरजही नाही. असेल तर ज्याच्याकडं जाल त्याला ध्यान शिकायच्या आधी सांगा.

बरं, मेंदू बदलतो का. तुमच्या मित्रानं जे ऐकलंय ते हवेतलं नाही. २०११ मध्ये बोस्टनच्या एका अभ्यासाची फार चर्चा झाली, ब्रिटा होल्झेल आणि सहकाऱ्यांचा. आठ आठवड्यांचा एमबीएसआर कोर्स, म्हणजे माइंडफुलनेसनं ताण कमी करायचा, जॉन कबाट-झिन यांनी १९७९ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या मेडिकल स्कूलमध्ये सुरू केलेला, तो केलेल्या लोकांच्या हिप्पोकॅम्पस (आठवणींशी संबंधित भाग) वगैरे ठिकाणी करडा भाग, म्हणजे ग्रे मॅटर, वाढलेला दिसला. पेपरांत, भाषणांत, अ‍ॅपच्या जाहिरातीत सगळीकडं तेच, "आठ आठवड्यांत मेंदू बदला". त्या अभ्यासात कोर्स केलेले लोक होते १६. मग २०२२ मध्ये विस्कॉन्सिनमधून एक अभ्यास आला, तिथं रिचर्ड डेव्हिडसन यांची ती प्रसिद्ध लॅब आहे, म्हणजे ध्यानाच्या विरोधातली माणसं नव्हेत, त्यांनी दोनशेच्या वर लोक घेतले, तुलनेसाठी दुसरा तितक्याच तोलाचा कोर्स ठेवला, आणि मेंदूच्या रचनेत एमबीएसआरमुळं झालेला बदल त्यांना सापडला नाही. ही बातमी मात्र कुणाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर आली नाही.

याचा अर्थ ध्यानानं काही होत नाही असा नाही. काही शिकलं की मेंदूत काहीतरी बदलतंच, सायकल शिकलात तेव्हाही बदललं असेल. वर्षानुवर्षं बसणाऱ्यांच्या मेंदूत भटकणारं जाळं कमी जोरात चालतं असं २०११ च्या आणखी एका अभ्यासात दिसलंय, जडसन ब्रूअर यांच्या. पण माणसाला बरं वाटणं आणि एमआरआयमध्ये एखादा ठिपका मोठा दिसणं यांचा संबंध मित्र सांगतो तितका सरळ नाही. माझं मत विचाराल तर मेंदूच्या फोटोंनी या विषयाचं थोडं नुकसानच केलंय. लोकांना वाटायला लागलं की आत काहीतरी घट्ट बनतंय, भिंतीसारखं, एकदा बांधलं की काम झालं. तसं नसतं. तालीम सोडली की दंड उतरतो.

त्यापेक्षा साधा प्रश्न विचारा, आजार परत येणं थांबतं का. त्यावर पुष्कळ काम झालंय. झिंडेल सीगल, मार्क विल्यम्स आणि जॉन टीसडेल या तिघांनी एमबीसीटी तयार केली, म्हणजे कबाट-झिन यांचा कोर्स आणि कॉग्निटिव्ह थेरपी (विचारांच्या सवयी तपासून बदलायची पद्धत) यांची सांगड, आठ आठवडे, आठवड्याला दोन-अडीच तासांचा ग्रुप आणि रोज घरी सराव. २००० साली त्यांनी पहिला मोठा अभ्यास छापला, १४५ लोक. ज्यांना डिप्रेशन तीन किंवा जास्त वेळा येऊन गेलं होतं त्यांच्यात नेहमीच्या उपचारावर ६६ टक्के लोकांना वर्षभरात ते परत आलं, एमबीसीटी केलेल्यांत ३७ टक्क्यांना. फरक मोठा आहे. पण ज्यांना दोनदाच येऊन गेलं होतं त्यांच्यात फायदा दिसला नाही. पुन्हा वाचा, दोनदाच. २००४ च्या पुढच्या अभ्यासातही तसंच, आणि तिथं आणखी एक गोष्ट कळली. आजार जिथं बाहेरून काही न घडता आपोआप परत येत होता तिथं ध्यान उपयोगी पडत होतं, जिथं आयुष्यात मोठा धक्का बसल्यावर येत होता तिथं फारसं नाही.

मला हे मराठवाड्यात बसून अगदी पटतं. सोयाबीन काढून शेतात पडलंय आणि वरून पाऊस, द्राक्षाला गारपीट, बँकेची नोटीस, पोरीचं लग्न, तिथं माणसाला विचारांकडं फक्त बघ म्हणणं मला जमत नाही. तिथं आधी पंचनामा, पीक विमा, कर्जाचा हप्ता यावर बोलतो, घरच्यांना बोलावतो, कीटकनाशकाचा डबा घरातून हलवायला लावतो, गोळीची गरज असेल तर पाठवतो. ऑटो नंतर. आधी विहिरीत पाणी का नाही ते बघावं लागतं. म्हणून तुमच्याबाबतीत मला विचारावं वाटतं की ती दोन्ही वेळची डिप्रेशन कशानं आली होती? काही घडून, का काही न घडता? हे तुमच्या सायकियाट्रिस्टला नीट सांगा, ध्यान तुम्हाला कितपत उपयोगी पडेल याचा अंदाज त्यावरूनही येतो.

गोळीऐवजी ध्यान यावरही अभ्यास आहेत, ते लपवत नाही. २०१५ मध्ये इंग्लंडमध्ये विलेम काऊकेन यांच्या टीमनं ४२४ लोकांवर दोन वर्षं तुलना केली, एका गटानं गोळी चालू ठेवली, दुसऱ्यानं एमबीसीटी करत करत डॉक्टरच्या देखरेखीत गोळी उतरवली. परत आजारी पडले ४७ टक्के आणि ४४ टक्के, म्हणजे जवळपास सारखेच. आणि २०२२ मध्ये अमेरिकेत २७६ चिंताग्रस्त लोकांवर एमबीएसआर विरुद्ध एस्सिटॅलोप्राम, तुमचीच गोळी, आठ आठवड्यांनी दोन्हीचा फायदा साधारण सारखा. मित्र म्हणेल बघा. पण पहिल्या अभ्यासातले सगळे तीन किंवा जास्त वेळा आजारी पडलेले होते आणि गोळी कुणीही मित्राच्या सांगण्यावरून एका रात्रीत सोडलेली नव्हती. दुसऱ्यात शिकवायला माणूस होता, आठवड्याला अडीच तासांचा वर्ग होता, घरी रोज पाऊण तास. १५ मिनिटांचं अ‍ॅप आणि हे एकाच नावानं ओळखलं जातं एवढंच साम्य.

इथपर्यंतचं आवरतं घेतो. विचार दिसतायत यात बिघडलेलं काही नाही. धडधड होतेय याचा अर्थ पद्धत तुम्हाला मानवत नाहीये, तुम्ही नालायक आहात असा नाही. मेंदूच्या रचनेचा दावा जितका मोठा केला जातो तितका तो टिकलेला नाही. आणि फायदा आहे तो खरा आहे, पण कुणाला, कधी, कुणासोबत यावर तो ठरतो.

आता उद्यापासून काय करा. रात्रीचं बसणं बंद, पंधरा मिनिटंही बंद. सकाळी, डोळे उघडे, खुर्चीवर, दार-खिडकी उघडी, तीन मिनिटं. श्वास नको, छाती नको. कान बाहेर सोडा, जे आवाज येतील ते येऊ द्या, नळाचं पाणी, कुकरची शिट्टी, पोरांचा कालवा. लक्ष गेलं, कळलं, परत कान. बस. धडधड सुरू झालीच तर तिच्याशी झुंजायचं नाही, उठायचं, गार पाण्यानं तोंड धुवायचं, चालायचं. सहन करून बसून राहणं म्हणजे साधना असलं काही डोक्यात घेऊ नका.

दुसरं, आमच्या ग्रुपमध्ये पहिल्या दिवशी मूळ कोर्सप्रमाणे बेदाणा खायला देतात, एकच, दहा मिनिटं, बघत, वास घेत. मी बेदाण्याऐवजी भाजलेली भुईमुगाची शेंग देतो, कारण ती फोडतानाचा आवाज, आतलं ते लाल पापुद्र्याचं, बोटाला लागणारी माती, त्यात करायला जास्त आहे आणि आपल्या माणसाला ते विचित्रही वाटत नाही. हिवाळ्यात हुरडा. तुम्ही घरी एक शेंग अशी खाऊन बघा, एकटे असताना, नाहीतर बायको विचारेल काय झालं म्हणून.

तिसरं कामावर. दिवसातून एकदाच, एक गड्डी मशीनला न लावता हातानं मोजा, आणि मोजताना लक्ष गेल्याचं कळलं की परत मोजायच्या आधी एक सेकंद फक्त बघा, कुठं गेलं होतं? हिशोबात, घरी, का त्या जुन्या "परत तेच व्हायलंय" मध्ये? नाव द्या मनात, "काळजी", "घर", "जुनी कॅसेट", काहीही. भावनेला शब्दात नाव दिलं की अमिग्डालाची, म्हणजे मेंदूतल्या धोक्याच्या घंटेची, खळबळ कमी होते असं २००७ मध्ये मॅथ्यू लीबरमन यांच्या प्रयोगात दिसलं होतं. आणि आपल्या आयांना ते प्रयोगाशिवाय माहीत होतं, रडणाऱ्या पोराला "भ्या वाटलं का रं?" विचारलं की निम्मं रडणं तिथंच थांबतं.

हे तीन-चार आठवडे करा. सोबत जमलं तर एमबीसीटी किंवा सीबीटी (कॉग्निटिव्ह बिहेविअरल थेरपी) येणारा, आरसीआय म्हणजे रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाची नोंदणी असलेला सायकॉलॉजिस्ट शोधा. परभणी, नांदेड, संभाजीनगर, लातूरला लोक आहेत, बरेच ऑनलाईनही घेतात. फी परवडत नसेल तर जिल्हा रुग्णालयात मानसिक आरोग्य विभाग आहे, आणि १४४१६ हा सरकारचा टेली मानस नंबर २४ तास फुकट आहे, मराठीत बोलता येतं. मरणाचे विचार आले तर तीन-चार आठवडे वगैरे थांबायचं नाही, त्याच दिवशी फोन आणि त्याच दिवशी घरातल्या एकाला सांगायचं.

राहिलं शिबिर. विपश्यनेला माझा विरोध नाही, इगतपुरीला मी स्वतः बसून आलोय आणि ते दहा दिवस मला आयुष्यभर पुरलेत असं म्हणेन. पण पहाटे चारला उठणं, दिवसाला दहाच्या आसपास तास बसणं, नऊ दिवस सोबतच्यांशी एक शब्द नाही, हे चांगल्या ठणठणीत माणसालाही हलवतं. ज्याला १५ मिनिटांत अंगणात यावं लागतं त्यानं सरळ तिथं जाणं म्हणजे विहिरीत पोहायला शिकायच्या आधी पुरात उतरणं. शिबिराच्या फॉर्ममध्ये मानसिक आजार आणि गोळ्यांबद्दल विचारतात. तिथं खरं लिहा. मित्र म्हणेल लिहू नको, प्रवेश देणार नाहीत, तर ते कशासाठी विचारतात हे त्याला विचारा. सायकियाट्रिस्टनं हो म्हटलं, वर्षभर स्थिर राहिलात, घरी अर्धा तास बसणं सहज जमायला लागलं, मग जा, जरूर जा. त्याच्या आधी नको.

आणि ते अ‍ॅपवर सलग दिवस मोजतात ना, आज एकविसावा दिवस, साखळी तोडू नका वगैरे, ते सेटिंगमध्ये जाऊन बंद करून टाका. दिवसभर दुसऱ्याचे पैसे मोजता, घरी येऊन परत मोजत कशाला बसता. ईसीजी अन् थायरॉईडचं काय निघालं तेवढं मात्र इथंच खाली लिहा, वाट बघतो.